अहवालात न जाणारा अर्धा तास

"वय 24, घर दापोडीला. इंजिनिअरिंग केलं, दीड वर्ष हिंजवडीत नोकरी केली आणि आमच्या चर्चच्या मंडळीच्या पाठिंब्यावर दोन वर्षांच्या सेवेसाठी केनियात किसुमूला आलो. चार महिने झाले. सकाळी शाळेत गणित शिकवतो, दुपारी घरभेटी, संध्याकाळी तरुणांचा बायबल क्लास, रविवारी संडे स्कूल. बायबल रोज हातात असतं, पण धड्याच्या तयारीपुरतं. स्वतःची प्रार्थना जवळजवळ बंद पडली आहे. खोलीत तामिळनाडूचा सहकारी आहे, तो पहाटे पाचला मोठ्याने गाऊन प्रार्थना करतो. त्यावरून दोनदा भांडण झालं. आई सकाळी सातला आणि रात्री झोपण्याआधी फोन करते आणि रडते. इथले लोक सारखे पैसे मागतात. पुण्याहून विचारणा होते, 'किती जण विश्वासात आले?' मी गोड गोड पत्र पाठवतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मागच्या महिन्यात सरोवरात बाप्तिस्मे झाले, मी मदतीला तासभर पाण्यात उभा होतो. सगळे आनंदात, आणि मला आत काहीच वाटलं नाही. थकवा तर सततचा. मे महिन्यात ताईचं लग्न आहे. वाटतं, तेव्हा यावं आणि परत जाऊच नये. काय करू?"
– दापोडीचा एक वाचक, सध्या किसुमू

प्रिय मित्रा, सलाम.

तुझ्या पत्राला पहिलं उत्तर पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) नाही, डॉक्टरने द्यायला हवं. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे आणि पश्चिम केनियाचा तो सगळा पट्टा मलेरियाचा. तिथून कुणी "सततचा थकवा" असं लिहिलं की आधी रक्त तपासायचं: मलेरिया, हिमोग्लोबिन, जमलं तर बी-12. ताप आला तर चोवीस तासांच्या आत तपासणी झालीच पाहिजे. पॅरासिटमॉल घेऊन "उद्या बघू" म्हणत पडून राहायचं नाही, कारण तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा असतो आणि तो एक-दोन दिवसांत माणसाला अत्यवस्थ करू शकतो. मच्छरदाणी नुसती टांगून भागत नाही, चारही बाजूंनी गादीखाली खोचायची. हे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, म्हणजे तुझ्या बायबल क्लासला पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा.

प्रतिबंधक गोळी कोणती घेतोस ते लिहिलं नाहीस. आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विन असेल तर ऐक: काही जणांना या गोळीने झोप उडते, भयंकर स्वप्नं पडतात, मन उदास आणि बेचैन राहतं. तुझ्या "आत काहीच वाटत नाही"चा काही भाग त्या गोळीचा असू शकतो. आपल्या मनाने बंद करू नकोस, पण याच आठवड्यात डॉक्टरला लक्षणं सांगून गोळी बदलून माग. रोजची डॉक्सिसायक्लिन असेल तर ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाही तर छातीत जळजळ ठरलेली. त्या गोळीने ऊनही जास्त भाजतं, तेव्हा घरभेटींना टोपी घालून जा.

आणि तो सरोवरातला तास. त्या पाण्यात बिल्हार्झिया नावाच्या रोगाचे जंत असतात. गोगलगायींमधून सुटलेले सूक्ष्म जंत कातडीतून आत शिरतात. पाणी प्यावं लागत नाही, नुसतं उभं राहणं पुरतं. पाण्यात उतरल्याला दोन-तीन महिने झाले की रक्ताची तपासणी करून घ्यायची, कारण त्याआधी ती चुकीने 'नाही' दाखवू शकते. निघाला तर प्राझिक्वांटेल नावाच्या गोळ्या वजनाप्रमाणे देतात. औषध जुनं, साधं, परिणामकारक आहे. मधल्या काळात खाज, पुरळ, ताप आला तर डॉक्टरला "मी सरोवरात उभा होतो" हे स्वतःहून सांग. पुढच्या वेळी बाप्तिस्मे टाकीत दोन दिवस साठवलेल्या पाण्यात करता येतील का, हे तिथल्या पाळकांना एकट्यात विचारून बघायला हरकत नाही. सभेत उठून सुचवू नकोस.

आता फोन. पुण्याचे सकाळचे सात म्हणजे किसुमूचे पहाटेचे साडेचार. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे. म्हणजे आई तुला रोज साडेचारला उठवते, तू खोलीत बोलतोस, ती रडते, आणि पाचला सहकारी गायला लागतो. त्याला पत्र लिहायला सांगितलं असतं तर त्यात पहिली तक्रार तुझ्या फोनची असती! भांडणातली निम्मी हवा इथेच जाईल.

आईला असं सांग: बुधवारी आणि रविवारी, तिकडचे संध्याकाळी साडेसहा, पुण्याचे नऊ. रविवारी व्हिडिओ, बुधवारी नुसता आवाज. बाकीच्या दिवशी तू एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवायचास, तिने तिला हवा तेव्हा ऐकायचा. हे अचानक लादू नकोस, आधी ताईला विश्वासात घे, मग दोघींशी एकत्र बोल. पहिले दोन आठवडे आई रुसेल. तिसऱ्या आठवड्यात रुळेल, जर तू ठरलेली वेळ एकदाही चुकवली नाहीस तर. ती रडते कारण तिला रोज पहाटेचा अर्धवट झोपेतला चेहरा दिसतो. तिला बाजारातला टोमॅटोचा भाव सांग, ओमेना नावाची ती बारीक सुकी मासळी आपल्या सुकटीसारखीच कांदा-टोमॅटोवर परतली ते सांग. आणि काहीतरी काम दे: दर आठवड्याला तुझ्या वर्गातल्या तीन मुलांची नुसती पहिली नावं, प्रार्थनेसाठी. ज्या गोष्टीत ती इथून काहीच करू शकत नाही ती तिच्यावर टाकू नकोस. "सगळं मस्त" असं खोटंही बोलू नकोस, "या आठवड्यात दमलो होतो, आता झोप होतेय" एवढं पुरे.

सहकाऱ्याशी बोलणं शनिवारी सकाळी, चहा घेऊन, भांडण नसताना. वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहा: रात्री दहा ते पहाटे साडेपाच खोलीत शांतता (फोन आणि गाणं दोन्ही बाहेर), भांडी ज्याची त्याने जेवल्यावर लगेच, पाहुणा आणायचा तर आदल्या दिवशी विचारून, किराण्याचा समान हिस्सा महिन्याच्या पहिल्या तारखेला एका डब्यात. खाली दोघांच्या सह्या. सह्या कशाला, असं वाटेल. पण तुम्हा दोघांचं घर, काम, मंडळी आणि मित्र सगळं एकच आहे. पुण्यात रूममेटशी वाजलं तर माणूस ऑफिसला निघून जातो. तिथे जायला दुसरी जागा नाही, म्हणून लहान गोष्टी साचतात आणि एक दिवस भलत्याच कारणावरून फुटतात. दर शनिवारी दहा मिनिटं, प्रत्येकाने एक आभार आणि एक विनंती सांगायची. पहाटेच्या गाण्याला अंगणातली जागा सुचव. आणि हो, त्याची प्रार्थना तुला खुपते यात तुझी बंद पडली आहे याचाही थोडा भाग असेल. तपासून बघ.

तुझ्या पत्रात सगळ्यात खरं वाक्य बायबल "धड्याच्या तयारीपुरतं" हे आहे. तरुण सेवकांची प्रार्थना बहुतेक वेळा याच वाटेने आटते. श्रद्धा उडालेली नसते. होतं काय, की वचन वाचताना डोक्यात आपोआप सुरू होतं: हे रविवारी सांगता येईल, हे पत्रात घालता येईल, हे त्या मुलाला उपयोगी पडेल. वाचलेलं सगळं लगेच दुसऱ्याच्या ताटात जातं. चार महिने असं चाललं की आत काही उरत नाही, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी माणूस पाण्यात उभा राहून पुढची व्यवस्था बघत असतो.

म्हणून दिवसातला अर्धा तास असा हवा, ज्यातलं काहीही धड्यात, पत्रात, साक्षीत, स्टेटसवर जाणार नाही. हा नियम कडक पाळ. त्या वेळी सुचलेला मुद्दा कितीही चांगला असला तरी त्याच आठवड्यात वापरायचा नाही. सुरुवातीला हात शिवशिवतील. फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि छापील मराठी बायबल वाच, मोबाइलवरचं नको. इंग्रजीत तू शिकवतोस, स्वाहिलीत धडपडतोस. आईच्या मांडीवर प्रार्थना शिकलास ती मराठीत. दिवसभर कानावर न पडणारी भाषा त्या अर्ध्या तासात मोठ्याने तोंडात येऊ दे.

किसुमू विषुववृत्ताला इतकं लागून आहे की वर्षभर साधारण साडेसहा-पावणेसातलाच उजाडतं. पावणेसहाला उठलास तर सहा ते साडेसहा अंधारातला शांत वेळ मिळतो. पहिली पाच मिनिटं काही मागायचं नाही, वाचायचं नाही, गप्प बसायचं. डोकं भरकटेल, घड्याळ बघावंसं वाटेल. भरकटू दे, बसून राहा. मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने, सावकाश, दोनदा. सकाळी एक आणि रात्री एक असं धरलं तर 150 स्तोत्रं अडीच महिन्यांत होतात. 119वं स्तोत्र एका दिवसात ओढू नकोस. त्याची 176 वचनं आठ-आठच्या 22 भागांत आहेत, रोज एक भाग घे. मग दहा मिनिटं सलग शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र. मार्कपासून सुरुवात कर, सोळाच अध्याय आहेत, रोज अर्धा घेतलास तरी महिन्याभरात संपेल. शेवटची दहा मिनिटं बोलायची, आणि त्यात आधी स्वतःचं. वर्गातली मुलं, मंडळी, पुणे हे सगळं दिवसभरात येणारच आहे.

जे वाटतं तेच बोल. काही वाटत नसेल तर "काही वाटत नाही" हेच बोल. स्तोत्रांमधला मोठा भाग विलापाचा आहे. 13वं "कुठवर?" असं विचारत सुरू होतं, आणि 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलंही आश्वासन जोडलेलं नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं आहे, ते उगाच नाही. मदर तेरेसांची 2007मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रं वाचणाऱ्यांना माहीत आहे की त्यांनी कित्येक वर्षं असा कोरडेपणा सोसला आणि काम चालू ठेवलं. यावरून कोरडेपणा म्हणजे मोठेपणाची खूण असंही समजू नकोस. झोप नसेल, मलेरिया असेल, तर तो नुसता थकवा.

रात्री दहा मिनिटं. वहीत तीन ओळी, चौथी लिहायची नाही: आज कशाबद्दल आभार, आज कुठे चिडलो किंवा पळ काढला, उद्या कुणाशी काय करायचं. दिवस असा उलटा तपासण्याची रीत जेझुइट या कॅथलिक संघाच्या लोकांनी सोळाव्या शतकापासून जपली आहे; प्रॉटेस्टंट घरातल्या मुलाने ती उचलायला काहीच आड येत नाही. तीन आठवड्यांनी वही मागे चाळ. दुसऱ्या ओळीत एकच माणूस किंवा एकच वेळ पुन्हा पुन्हा दिसेल. तेच घेऊन पुण्यातल्या पाळकसाहेबांशी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास बोल. थकवा आहे तोवर उपवास-प्रार्थना करू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी.

रविवार हा तुझा कामाचा दिवस आहे, त्याला सुट्टी म्हणू नकोस. सुट्टी सोमवारी, किंवा शाळेमुळे सोमवार जमत नसेल तर शनिवारी दुपारपासून, पण ती संस्थेच्या वेळापत्रकात लिहून घे. तोंडी ठरलेली सुट्टी महिन्याभरात नाहीशी होते. त्या दिवशी आवाराच्या बाहेर पडायचं, कारण आत असलास की दार वाजणारच. डुंगाच्या किनाऱ्यावर जा, किसुमू म्युझियम बघ, नाही तर किबुयेच्या बाजारात भाजी घेत भाषा घासून घे. "बेई गानी?" म्हणजे कितीला, एवढ्यावर अर्धा तास निघतो. मूग तिथे न्डेंगू नावाने सहज मिळतात. सुट्टीच्या दिवशी फोडणी घातलेली आमटी आणि भात जेवलास तर दुसऱ्या दिवशीचा उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, निमूट जातो. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, हेल्मेटशिवाय बसू नकोस आणि अंधार पडल्यावर मुळीच नको. तुझ्या वयाच्या परदेशी लोकांना तिकडे खरा धोका रस्त्याचा आहे.

भाषेतली एक अडचण आधीच सांगून ठेवतो, कारण तिने लोक उगाच दुखावले जातात. स्वाहिलीत घड्याळ सकाळी सहापासून मोजतात. "सा मोजा" म्हणजे पहिला तास, आपले सकाळचे सात. "सा तातू" म्हणजे नऊ. कुणी स्वाहिलीत "तीन वाजता या" म्हणालं आणि तू दुपारी तीनला पोचलास तर ती बाई सकाळपासून चहा ठेवून बसलेली असेल. आजूबाजूला लुओ लोक आहेत, तेव्हा "अमोसी" म्हणून अभिवादन आणि "एरोकामानो" म्हणून आभार एवढं त्यांच्या भाषेत आलं तरी दार वेगळं उघडतं.

पैशांचं. तू त्यांच्या डोळ्यांना आधी 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, दिसतोस, मग मिशनरी. मोंबासापासून रेल्वेचं काम 1896मध्ये सुरू झालं आणि 1901च्या अखेरीस रूळ सरोवरापर्यंत, म्हणजे आजच्या किसुमूपर्यंत पोचले. त्यासाठी इकडून सुमारे 32,000 मजूर नेले होते. मागोमाग भारतीय व्यापारी आले, आणि तीन-चार पिढ्या भारतीय माणूस म्हणजे दुकानाचा मालक असंच चित्र राहिलं. तेव्हा "बॉस, काही तरी द्या" हे तुझ्या चेहऱ्याला उद्देशून असतं. राग मानू नकोस, आणि खिशात हातही घालू नकोस.

महिन्याच्या भत्त्यातला ठरावीक भाग, दहातला एक म्हण, मदतीसाठी बाजूला काढ आणि तो मंडळीच्या मदत समितीमार्फतच जाऊ दे. उसने पैसे कुणालाही नाही. दिलेस तर पैसे आणि माणूस दोन्ही जातात, तो तुला बघून रस्ता बदलतो. एम-पेसामुळे, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सोयीमुळे, "आत्ता लगेच पाठवा" म्हणणं फार सोपं झालं आहे, म्हणून उत्तर ठरवून ठेव: "मी एकटा ठरवत नाही, गुरुवारी समितीत विचारतो." आणि गुरुवारी खरंच विचार. शाळेची सत्रं सुरू होताना, त्यातही जानेवारीत, फीसाठी विचारणा वाढते, तेव्हा समितीत आधीच बोलून ठेव. हरंबेचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्गणी काढण्याचं बोलावणं आलं तर जा आणि सगळ्यांसमोर साधीच रक्कम दे. मोठी दिलीस तर पुढच्या प्रत्येक हरंबेत तुझ्याकडेच बघतील. आणि मदत कधीही उपासनेला येण्याशी जोडली जाता कामा नये. तसं बोललं गेलं नाही तरी तसं वाटूही नये.

शाळेत मुलांसोबत बंद दाराआड एकटा थांबू नकोस. शिकवणी असली तरी दार उघडं आणि आणखी कुणी मोठं माणूस नजरेत हवं. यात चर्चा नाही.

आता पुण्याला जाणारी पत्रं. "किती जण विश्वासात आले?" हा प्रश्न मंडळीतले लोक प्रेमानेच विचारतात, पण तो तिथे बसतच नाही. 2019च्या जनगणनेप्रमाणे केनियात दहापैकी आठहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. ज्या मंडळीत तू काम करतोस ती तुझ्याआधी होती, तू गेल्यावरही असेल. तू तिथे पाळकांच्या हाताखाली शिकवायला गेला आहेस. हे पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहायला हवं होतं, पुढच्या पत्रात लिही. आकड्यांच्या जागी काम लिही: "आठवीच्या वर्गाला अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शिकवतोय, बायबल क्लासला येणारे कधी पाच, कधी बारा." महिन्यातून एकच पत्र, मोबाइलवर एका दमात वाचता येईल एवढं. त्यात एक प्रसंग (माणसाची परवानगी घेऊन, नाव न देता, मुलांचा फोटो न लावता), एक न जमलेली गोष्ट, दोन प्रार्थना-विनंत्या आणि महिन्याचा खर्च दोन ओळींत. न जमलेली गोष्ट वगळायची नाही. पहिल्यांदा लिहिताना वाटेल की देणगी बंद होईल. उलट लोक नेमकं त्याच ओळीवर उत्तर पाठवतात.

याशिवाय एक दुसरं पत्र, फक्त तीन माणसांना. पाळकसाहेब, तुझ्याच वयाचा एक मित्र आणि मंडळीतली एखादी मावशी, जिच्या पोटात गोष्ट राहते. आईला नको, तिघांत एकही नातेवाईक नको. यात कुठलाही साज न चढवता सगळं लिहायचं: झोप, चिडचिड, एकटेपणा, रात्री मोबाइलवर काय बघितलं, सहकाऱ्याला काय बोललो. तिघांना आधीच सांग की हे पुढे पाठवायचं नाही आणि उत्तरात वचनांची यादी पाठवायची नाही, प्रश्न विचारायचे. गोड पत्राची तुला लाज वाटते कारण खरं पत्र कुठेच जात नाही. एकदा ते जायला लागलं की पहिलं पत्र आपोआप साधं होईल.

परत यायचं का? आत्ता ठरवू नकोस. तिसरा ते सहावा महिना बहुतेकांना जड जातो, कारण नव्याची नवलाई संपलेली असते आणि भाषा अजून हाताशी नसते. आजपासून सहा आठवडे धर: तपासण्या, झोप, फोनची वेळ, अर्धा तास, सुट्टी, दुसरं पत्र. पण या काळात रोज उठणंच जड जात असेल, जेवण जात नसेल, किंवा जगण्यातच अर्थ वाटत नसेल तर सहा आठवडेही थांबू नकोस, त्याच दिवशी पाळकसाहेबांना आणि डॉक्टरला सांग. तसंच, मुलांशी कुणी गैर वागताना दिसलं आणि वरचे लोक झाकत असतील, किंवा तुझे कागद खोटे निघाले, तर निघून येणं हेच बरोबर आहे. कागदांवरून आठवलं: पर्यटक म्हणून मिळालेल्या ईटीएवर (प्रवासाच्या ऑनलाइन परवानगीवर) शिकवण्याचं किंवा मंडळीचं काम करता येत नाही. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी तिकडे 'क्लास आय' परमिट असतं आणि नव्वद दिवसांहून जास्त राहणाऱ्याने परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. दोन्हींच्या प्रती संस्थेकडून मागून स्वतःजवळ ठेव. "होतंय, होतंय" असं चार महिन्यांनंतरही कानावर येत असेल तर लेखी विचार.

ताईच्या लग्नाला मात्र ये. त्यात सेवेशी बेइमानी नाही, आणि न येऊन जो कडवटपणा उरेल तो पुढचं वर्षभर पुरेल. दहा-बारा दिवसांची रजा आत्ताच मागून घे, परतीचं तिकीट एकाच वेळी काढ. लग्नघरात परत न जाण्याचा निर्णय घेऊ नकोस; घ्यायचाच असेल तर किसुमूला जाऊन, तिथल्या पाळकांसमोर बसून घे.

निघण्याआधी पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड बघ. केनियातून येणाऱ्याकडे भारतात ते मागतात, आणि नसेल किंवा लस घेऊन दहा दिवस झाले नसतील तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. मुंबईत अडकलास तर हळदही गेली आणि लग्नही. आधी घेतली असेल तर ती आयुष्यभर चालते, नुसतं कार्ड पासपोर्टसोबत ठेव. घेतली नसेल तर एप्रिलच्या सुरुवातीलाच घे. पिशव्यांचंही लक्षात ठेव: केनियात 2017पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, तेव्हा परत जाताना आई चिवडा, लोणचं आणि मसाले नेहमीसारखे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून देईल ते कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरून घे. पुण्यात असताना ताप आला तर फॅमिली डॉक्टरला पहिलं वाक्य "मी केनियातून आलोय" हे सांग. इथे मे महिन्यात ताप म्हटलं की उष्माघात नाही तर व्हायरल समजून दोन दिवस जातात, आणि फाल्सिपॅरमला तेवढे दिवस द्यायचे नसतात.